‘माइंड’ म्हणजे नुसतं मन नव्हे : बेळगाव भागातल्या नवशिक्यांसाठी

उद्यमबागच्या एका फाउंड्रीत माझा एक विद्यार्थी क्वालिटीचं काम बघतो. शाळा मराठी माध्यमाची, पुढं डिप्लोमा, हात आणि डोकं दोन्ही चांगलं. मागच्या वर्षी त्यांच्याकडं परदेशातलं गिऱ्हाईक आलं होतं. तयार कास्टिंगच्या रांगेजवळ उभं राहून त्या पाहुण्यानं मोबाईल काढला आणि विचारलं, “डू यू माइंड इफ आय टेक अ फोटो?” मुलगा तोंडभर हसून म्हणाला, “यस सर, यस!” पाहुण्याचा चेहरा उतरला. “ओह, सॉरी,” म्हणून त्यानं मोबाईल खिशात घातला आणि पुढं निघाला.

संध्याकाळी वर्गात आल्या आल्या मुलानं विचारलं, “बाई, मी हो म्हटलं खरं त्यानं फोटो काढलाच नाही. माझं काय चुकलं?”

त्याचं व्याकरण चुकलं नव्हतं, उच्चार चुकला नव्हता. त्यानं माइंड म्हणजे मन असं धरलं, प्रश्नाचा अर्थ ‘फोटो काढायचं मन आहे, काढू का?’ असा लावला आणि मनापासून होकार दिला. पाहुण्यानं विचारलं होतं, ‘मी फोटो काढला तर तुमची हरकत आहे का?’ आणि याचं उत्तर गेलं, ‘हो, आहे.’

टिळकवाडीतल्या माझ्या संध्याकाळच्या वर्गात येळ्ळूर, उचगाव, खानापूर अशा गावांतून मुलं-मुली येतात, सुट्टीत निपाणीहूनही. घरात मराठी, बाजारात आणि कचेरीत कन्नड, एसएसएलसीपर्यंत पुस्तकातली इंग्रजी. दहावीनंतर पीयूसीला (अकरावी-बारावीला) सायन्स घेतलं की एका रात्रीत सगळं शिकवणं इंग्रजीत. अशा मुलांची जीभ तीन भाषांत फिरलेली असते, तिच्यात काही कमी नाही. अडतं ते ओळखीच्या शब्दापाशी. अनोळखी शब्द आला तर माणूस थांबून विचारतो. ओळखीचा आला की विचारत नाही, माहीत असलेला एकच अर्थ लावून पुढं जातो. माइंड हा असा शब्द आहे. रोजच्या बोलण्यात तो इतक्या कामाला येतो की मी नवीन तुकडीचा पहिला आठवडा त्यालाच देते. इथंही त्या एकाच शब्दाचं लिहिते आहे. वही घ्या. वाक्यं सुरुवातीला देवनागरीत लिहिली तरी चालतील, कान तयार व्हायला ती पुरतात.

पहिली पायरी : मन जरा बाजूला ठेवा

गाइडात ‘माइंड म्हणजे मन’ असं छापलेलं असतं आणि गाडं तिथंच अडतं. आपलं मन म्हणजे एकत्र कुटुंबाचा मोठा वाडा आहे. मन भरून येतं, मन लागत नाही, मन उडतं, कुणाचं मन मोडवत नाही. माया, इच्छा, आठवण, विचार, सगळे त्या एकाच वाड्यात राहतात. इंग्रजीत या वाड्याच्या वाटण्या झाल्यात. माया, दुःख, ओढ हा भाग हार्टकडं गेला. विचार, आठवण आणि निर्णय हा भाग माइंडकडं. म्हणून इंग्रजीतलं माइंड आपल्या मनापेक्षा आपल्या डोक्याला जास्त जवळचं आहे.

माझ्या एका विद्यार्थिनीनं शाळेच्या निरोप समारंभावर लिहिताना ‘मन भरून आलं’ याचं “माय माइंड वॉज फुल” केलं होतं. वाचणाऱ्याला वाटेल, हिच्या डोक्यात विचारांची गर्दी झाली होती. तिला म्हणायचं होतं, “माय हार्ट वॉज फुल,” किंवा साधं, “आय वॉज डीपली मूव्ह्ड.” अशी आणखी काही वाक्यं आहेत जिथं मराठीत मन येतं आणि इंग्रजीत माइंड येत नाही. अभ्यासात मन लागत नाही : “आय कान्ट कॉन्सन्ट्रेट ऑन माय स्टडीज.” आज जायचं मन नाही : “आय डोन्ट फील लाइक गोइंग टुडे.” मनाला लावून घेऊ नकोस : “डोन्ट टेक इट टू हार्ट.” मनापासून आभार : “थँक यू फ्रॉम द बॉटम ऑफ माय हार्ट.”

यासाठी मी मुलांना एक साधी चाचणी देते. मराठी वाक्यातलं मन काढा आणि तिथं डोकं घालून बघा. ‘माझ्या मनात एक कल्पना आहे’ याचं ‘माझ्या डोक्यात एक कल्पना आहे’ होतं, अर्थ तसाच राहतो, म्हणजे इथं माइंड चालेल : “आय हॅव ॲन आयडिया इन माइंड.” ‘आईचं मन दुखावलं’ याचं ‘आईचं डोकं दुखावलं’ करून बघा, बसत नाही. म्हणजे हार्टकडं जा, नाहीतर “हर्ट हर फीलिंग्ज” म्हणा. चाचणी दहात दहा वेळा लागू पडते असं नाही, पण पहिल्या महिन्यात तिच्यावर विसंबायला हरकत नाही.

आता जाता जाता एक गोष्ट, कारण ती मला फार आवडते. संस्कृतातलं मनस्, लॅटिनमधलं मेन्स आणि इंग्रजीतलं माइंड हे एकाच जुन्या मुळाचे धुमारे आहेत. कन्नडमधलं मनस्सु संस्कृतातूनच आलेलं. म्हणजे बेळगावात आपण घरात मन म्हणतो, शेजारी मनस्सु म्हणतात आणि वर्गात माइंड म्हणतात, तेव्हा आपण एकाच घराण्यातल्या तीन भावंडांना हाका मारत असतो. भावंडं आहेत, पण स्वभाव वेगळे.

दुसरी पायरी : माइंड जिथं ‘हरकत’ असते

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. रोजच्या बोलण्यात माइंड हा शब्द नाम म्हणून येतो तसा क्रियापद म्हणूनही सारखा कानावर पडतो, आणि क्रियापद झाल्यावर त्याचा मनाशी संबंध जवळजवळ संपतो. “डू यू माइंड” ऐकलं की डोक्यात मराठी ‘तुमची हरकत आहे का’ वाजलं पाहिजे. वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा : माइंड म्हणजे हरकत.

हे एकदा बसलं की उत्तर पाठ करावं लागत नाही. खानापूर बसमध्ये कुणी विचारलं, “मी इथं बसलो तर तुमची हरकत आहे का?” तर आपण काय म्हणतो? “छे छे, बसा की.” “हो हो, आहे हरकत” असं कुणी म्हणत नाही. इंग्रजीत तेच. “डू यू माइंड इफ आय सिट हिअर?” याला उत्तर : “नॉट ॲट ऑल,” किंवा “नो, प्लीज सिट,” किंवा “ऑफ कोर्स नॉट, गो अहेड.” नुसतं कोरडं “नो” म्हणून तोंड फिरवू नका, समोरचा गोंधळतो. ‘नो’च्या मागं एखादा होकाराचा शब्द जोडा, जसं आपण ‘छे छे’च्या मागं ‘बसा की’ जोडतो.

खरंच हरकत असेल तरी सरळ “यस” म्हणू नये. ते फार टोचतं. कारण सांगावं : “सॉरी, समवन इज ऑलरेडी सिटिंग हिअर.”

आणि चुकून तोंडातून “यस” गेलंच तर? घाबरायचं कारण नाही. लगेच “प्लीज, गो अहेड” म्हणा आणि हातानं जागा दाखवा. ज्यांची मायबोली इंग्रजी आहे तेही कित्येकदा “शुअर, गो अहेड” असंच म्हणतात, आवाजावरून अर्थ कळतो. फाउंड्रीतल्या मुलानं ‘यस सर’ म्हणून पुढं “प्लीज टेक” एवढं जरी म्हटलं असतं तरी तो फोटो निघाला असता.

‘हरकत’ बसली की “आय डोन्ट माइंड” आपोआप कळतं. म्हणजे आपलं ‘चालतंय की’. “टी ऑर कॉफी?” “आयदर, आय डोन्ट माइंड.” दोन्ही चालतंय. मात्र जिथं तुम्हाला एखादी गोष्ट मनापासून हवी आहे तिथं हे वाक्य वापरू नका. कामावर घेताना साहेबानं विचारलं, “वुड यू लाइक टू जॉइन अस?” आणि तुम्ही म्हणालात, “आय डोन्ट माइंड,” तर त्याचा अर्थ होतो ‘ठीक आहे, माझी ना नाही’. तिथं “यस, आय वुड लव्ह टू” म्हणायचं. याउलट “आय वुडन्ट माइंड अ कप ऑफ टी” यात इच्छा लपलेली आहे : चहा मिळाला तर बरं होईल. ‘डोन्ट’ आणि ‘वुडन्ट’ एवढ्याच फरकानं वाक्य कुठल्या कुठं जातं, म्हणून दोन्ही शेजारी शेजारी लिहून ठेवा.

तिसरी पायरी : मऊ विनंती

आपल्याकडं विनंती मऊ करायला एक ‘का’ आणि एक ‘जरा’ पुरतो. “जरा खिडकी लावता का?” इंग्रजीत नवशिका “क्लोज द विंडो” म्हणतो आणि शेवटी “प्लीज” चिकटवतो. चूक नाही, पण हुकूम हुकूमच राहतो. ‘जरा… का’चं काम करणारं वाक्य आहे “वुड यू माइंड”, आणि त्याच्यापुढं क्रियापद ‘इंग’ लावूनच यायला हवं : “वुड यू माइंड क्लोजिंग द विंडो?” “वुड यू माइंड टू क्लोज” हे माझ्या वर्गात रोज ऐकू येतं आणि रोज फळ्यावर खोडावं लागतं. क्लोजिंग, वेटिंग, मूव्हिंग, रिपीटिंग.

स्वतःसाठी परवानगी मागायची असेल तर ‘इफ’ घ्या, आणि सुरुवातीला ‘वुड’ असेल तर मागचं क्रियापद भूतकाळी करा : “वुड यू माइंड इफ आय लेफ्ट अर्ली टुडे?” काळ भूतकाळाचा, अर्थ आजचा. डोक्यात बसायला वेळ लागतो. तोवर “डू यू माइंड इफ आय लीव्ह अर्ली?” म्हणा, तेही पूर्ण बरोबर आहे.

या पायरीतली दोन वाक्यं मी सगळ्यांकडून वीस-वीस वेळा म्हणवून घेते. “वुड यू माइंड रिपीटिंग दॅट?” आणि “वुड यू माइंड स्पीकिंग अ लिटल मोअर स्लोली?” याला कारण आहे. माझ्या आयुष्यातली पहिली इंग्रजी मुलाखत बेंगळुरूत होती. समोरचे गृहस्थ फार भराभर बोलत होते. पहिल्या तीन प्रश्नांना मी अर्धवट समजून मान हलवली. चौथा प्रश्न आला तेव्हा मी अगदीच कोरी झाले आणि गप्प बसले. कागद आवरून त्यांनी “थँक यू” म्हटलं. ती नोकरी गेली ती ज्ञान कमी पडल्यामुळं नव्हे. विषय मला येत होता. ‘परत सांगता का’ एवढं नीट म्हणता येत नव्हतं. माझ्याकडं शिकलेल्या कुणावर ती वेळ येऊ नये.

आणि ती कोरी होण्याची अवस्था सांगायलाही माइंडच आहे : “सॉरी, माय माइंड वेंट ब्लँक. कुड यू गिव्ह मी अ मोमेंट?” मुलाखतीत हे प्रामाणिकपणे म्हटलेलं चालतं. गप्प बसणं चालत नाही.

चौथी पायरी : माइंड म्हणजे आठवण

“कीप इन माइंड”, “रिमाइंड”, “स्लिप्ड माय माइंड” ही तिन्ही रूपं मुलं वेगवेगळी पाठ करतात. तसं करू नका, ती एकाच देठाची आहेत. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा एक मुख्य अर्थ स्मरण, आठवण असा होता. नंतर अर्थ पसरत विचार, बुद्धी, इच्छा असा गेला, पण जुना अर्थ या वाक्प्रयोगांत टिकून राहिला. हे कळलं की अर्थ स्वतःच लागतो.

“प्लीज कीप इट इन माइंड” : लक्षात असू द्या. “प्लीज रिमाइंड मी टुमॉरो” : उद्या आठवण करा. इथं ‘रिमाइंड टू मी’ नको, मध्ये काही घालायचं नाही. “इट कम्प्लीटली स्लिप्ड माय माइंड” : अगदी डोक्यातून गेलं बघा. हे शेवटचं वाक्य “आय फरगॉट”पेक्षा मवाळ आहे, कारण त्यात गोष्ट घसरली, मी टाकली नाही, असा भाव आहे. साहेबानं सांगितलेला फोन राहून गेला तर आधी सॉरी आणि मग हे वाक्य. रोज रोज मात्र वापरू नका, मग ते मवाळ राहत नाही.

पाचवी पायरी : ठरवणं, बदलणं, अडखळणं

शहापूरच्या साडीच्या दुकानात जे चालतं ते सगळं या पायरीत बसतं. गिऱ्हाईक गादीवर येऊन बसलं की दुकानदार विचारतो, “काय दाखवू, काय मनात आहे?” इंग्रजीत : “व्हॉट डू यू हॅव इन माइंड?” तासभर साड्या उलगडल्या, हिरवी की मोरपंखी ठरेना : “आय ॲम इन टू माइंड्स.” मावशी बाजूनं वैतागून म्हणते, “ठरव की गं एकदा!” : “मेक अप युवर माइंड!” हिरवी घेतली, पैसे देताना पुन्हा मोरपंखीवर नजर गेली : “आय हॅव चेंज्ड माय माइंड.”

‘चेंज’ला मराठीत आपण मन बदललं, मत बदललं, बेत बदलला असं काहीही म्हणतो. इंग्रजीत “आय चेंज्ड माय थिंकिंग” असं भाषांतर करत बसू नका, “चेंज्ड माय माइंड” हे ठरलेलं आहे. माणसं अनेक असतील तर माइंडही अनेक : “दे चेंज्ड देअर माइंड्स.”

‘इन’ आणि ‘ऑन’ यांतला फरक इथंच उरकू. ‘इन माइंड’ म्हणजे डोक्यात योजलेलं. ‘ऑन माय माइंड’ म्हणजे डोक्यावर बसलेलं, सतत घोळणारं, कधी कधी काळजीचं. मैत्रीण गप्प गप्प दिसली तर विचारा, “समथिंग ऑन युवर माइंड?” फेसबुकवर लिहायच्या चौकटीत जो प्रश्न येतो तो याच जातीचा.

सहावी पायरी : जपून!

लंडनच्या भुयारी रेल्वेत १९६८ च्या सुमारास एक सूचना ध्वनिमुद्रित करून वाजवायला सुरुवात झाली : “माइंड द गॅप.” काही फलाट वळणावर आहेत, डबा सरळ, त्यामुळं फलाट आणि डबा यांच्यात फट पडते. त्या फटीला जपा. इथं माइंड म्हणजे हरकत नव्हे, आठवण नव्हे, तर ‘सांभाळून’. आपल्याकडच्या जुन्या घरांची चौकट बुटकी असते, पाहुणा आत येताना आपण ओरडतो, “डोकं सांभाळा!” तेच : “माइंड युवर हेड.” पायरीजवळ : “माइंड द स्टेप.” बसस्थानकावर शेजारच्या बाईंना, “जरा बॅगेकडं बघता का, आलेच,” म्हणायचं असेल तर “वुड यू माइंड माय बॅग फॉर अ मिनिट?” ही इंग्लंडकडची रीत. अमेरिकन माणूस तिथं ‘वॉच’ वापरेल.

याच कुळातली दोन वाक्यं ओळखून ठेवा पण वापरायची घाई करू नका. “माइंड युवर ओन बिझनेस” म्हणजे ‘तुझं तू बघ’. “माइंड युवर लँग्वेज” म्हणजे ‘तोंड सांभाळून बोल’. दोन्ही भांडणाची आहेत. आणि “माइंड इट!” हे आपल्याकडं पोरं सिनेमातल्यासारखं बोट नाचवून म्हणतात, ते नोकरीच्या ठिकाणी अजिबात नको, धमकी वाटते. ‘लक्षात घ्या बरं का’ एवढंच म्हणायचं असेल तर इंग्रजीत “माइंड यू” आहे : “ही इज यंग. माइंड यू, ही नोज द जॉब.” वयानं लहान आहे, पण बरं का, काम जाणतो. आपल्या बेळगावी बोलीत ‘खरं’ म्हणजे ‘पण’ होतं ना, “लहान हाय खरं काम येतंय त्याला”, त्याच्या अगदी जवळचा हा ढंग आहे.

सातवी पायरी : नेव्हर माइंड

हे शिकवायला बेळगावात मला एक मिनिट लागतं. “परवाइल्ल” सगळ्यांना माहीत आहे, “बिडरी”सुद्धा. कन्नड शेजारी हे दोन शब्द जिथं जिथं वापरतात त्यातल्या बऱ्याच जागी “नेव्हर माइंड” बसतं. मराठीत : असू दे, राहू दे, जाऊ दे. मैत्रिणीला पेन मागितलं, तिला सापडेना, तेवढ्यात स्वतःच्याच पिशवीत मिळालं : “नेव्हर माइंड, आय फाउंड इट.”

पण जपून. गिऱ्हाईक तक्रार सांगत असताना तुम्ही “नेव्हर माइंड” म्हणालात तर त्याला ‘सोडा हो, त्यात काय’ असं ऐकू जातं. आणि कुणी तुमची माफी मागितली तर “दॅट्स ऑल राइट” जास्त शोभतं. मी तर नवीन मुलांना सांगते, हे वाक्य पहिले काही महिने फक्त बरोबरीच्यांशी बोलताना वापरा.

हुशारीचे बाकीचे शब्द

माइंडच्या आजूबाजूला बरीच मंडळी आहेत. त्यातली नेमकी जिथं फसवतात तेवढीच सांगते.

ब्रेन म्हणजे मेंदू, कवटीच्या आतला. हुशारी म्हणायची असेल तर बहुतेक वेळा अनेकवचन : “शी हॅज ब्रेन्स.” ‘माझं डोकं खाऊ नको’ याचं “डोन्ट ईट माय ब्रेन” आपल्या देशात सर्रास ऐकू येतं, बाहेरच्या माणसाला ते कळणार नाही. “प्लीज स्टॉप बॉदरिंग मी” म्हणा.

स्मार्ट म्हटलं की आपल्याकडं टापटीप कपडे डोळ्यांसमोर येतात. अमेरिकन माणूस “ही इज स्मार्ट” म्हणाला तर तो डोक्याबद्दल बोलतोय. क्लेव्हर हा शब्द कौतुकाचाही आहे आणि कधी कधी ‘चलाख’ अशा वासाचाही. शिक्षकाबद्दल किंवा साहेबाबद्दल बोलताना “इंटेलिजंट” किंवा “ब्रिलियंट” बरं.

प्रसंगावधान : “प्रेझेन्स ऑफ माइंड.” विसरभोळा : “ॲबसेंट-माइंडेड.” मोकळ्या विचारांचा : “ओपन-माइंडेड.” मन मोठं असलेला मात्र “बिग-हार्टेड”, पुन्हा तीच वाटणी. मनकवडा : “माइंड रीडर.”

“पीस ऑफ माइंड”चं प्रकरण वेगळं आहे. कानाला एकच ऐकू येतं, पण ‘पीस’ दोन आहेत : एक शांततेचा, एक तुकड्याचा. शांततेचा ‘पीस’ असेल तर मनःशांती. तुकड्याचा असेल आणि आधी ‘गिव्ह’ असेल, “आय गेव्ह हिम अ पीस ऑफ माय माइंड”, तर चांगली खरडपट्टी काढली. इंग्रजीत लिहिताना स्पेलिंग एकदा तपासा. बोलताना आधीच्या ‘अ’कडं आणि ‘माय’कडं कान ठेवा, तुकडाच मोजता येतो.

मेंटल या शब्दाबद्दल मला कळकळीनं सांगायचं आहे. आपल्या गल्लीत “मेंटल हाय काय?” ही शिवी झाली आहे. मेंटलचा अर्थ मनाचा, बुद्धीचा, एवढाच. आठवीची मुलं एनएमएमएसच्या शिष्यवृत्ती परीक्षेला बसतात, तिच्यातला एक पेपर ९० प्रश्नांचा, ‘मेंटल ॲबिलिटी टेस्ट’ नावाचा. म्हणजे बौद्धिक क्षमतेची चाचणी. एका मुलीनं मला विचारलं होतं, “बाई, हा पेपर मेंटल लोकांचा आहे का?” तिच्या डोळ्यांत खरोखर भीती होती. शब्द शिवी म्हणून आधी कानावर पडला की असं होतं. आजारी माणसाची चेष्टा त्यात असते हे तर आहेच. वर्गात मी हा शब्द तसा कुणाला वापरू देत नाही, तुम्हीही घरात नका वापरू.

उच्चार

दोनच गोष्टी. शेवटचा ‘ड’ गिळू नका. “आय डोन्ट माइन” झालं की ऐकणाऱ्याला ‘माझं’ ऐकू येतं. आणि शेवटी ‘उ’ लावू नका. कन्नडमध्ये बस्सु, कारु होतं, तो उकार बेळगावात राहून आपल्याही जिभेवर चढतो आणि ‘माइंडु’ होतं. मोबाईलवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून ऐका. इतरांनी सांगून पटत नाही ते स्वतःच्या कानानं लगेच पटतं.

सराव

एका दिवशी एकच वाक्य घ्या आणि ते प्रत्यक्ष वापरा. सोमवारी “वुड यू माइंड रिपीटिंग दॅट?”, मंगळवारी “इट स्लिप्ड माय माइंड”, असं. सगळी एकदम घेतली की एकही जिभेवर बसत नाही. बोलायला कुणी नसेल तर बसमध्ये खिडकीशी बसून मनातल्या मनात आजूबाजूच्या मराठी बोलण्याचं इंग्रजी करत चला. कंडक्टर म्हणाला, “जरा पुढं सरका की हो,” तुम्ही मनात म्हणा, “वुड यू माइंड मूव्हिंग फॉरवर्ड?” बेळगाव ते खानापूर एवढ्या प्रवासात अशी आठ-दहा वाक्यं सहज मिळतात.

दोघं असाल तर खालचा संवाद मोठ्यानं वाचा. ऑफिसमधल्या दोन मैत्रिणी आहेत, एक जुनी, एक नवी.

“डू यू माइंड इफ आय सिट हिअर?”
“नॉट ॲट ऑल. यू लुक क्वाएट. समथिंग ऑन युवर माइंड?”
“द मॅनेजर आस्क्ड मी टू कॉल अ कस्टमर, अँड इट स्लिप्ड माय माइंड.”
“कॉल नाऊ. इट इज ओन्ली फोर.”
“आय ट्राइड. ही स्पोक सो फास्ट, माय माइंड वेंट ब्लँक.”
“देन से, वुड यू माइंड स्पीकिंग मोअर स्लोली? पीपल डोन्ट माइंड.”
“वुड यू माइंड सिटिंग विथ मी व्हाइल आय कॉल?”
“ऑफ कोर्स नॉट. कम.”

वाचताना प्रत्येक माइंडपाशी थांबा आणि मराठीत मोठ्यानं सांगा, इथं हरकत आहे, आठवण आहे, की विचार. मग भूमिका बदला. तिसऱ्या वेळी वही बंद करून बोला, शब्द पुढं-मागं झाले तरी थांबू नका, फक्त “डू यू माइंड”ला “यस” जाऊ देऊ नका.